थुटावरचा शिक्का

माझी मुलगी नेमकं काय काम करते, हे मला तीन वर्षं कोणाला धड सांगता येत नव्हतं. "जंगलांचं ऑडिट करते," असं म्हणायचो आणि समोरचा हसायचा. यंदा मे महिन्यात आम्ही चंद्रपूरला मेहुण्यांकडे गेलो, तेव्हा त्यांनीही तेच विचारलं, पण हसून नाही. त्यांची ३४ वर्षं वनखात्यात गेली. वनक्षेत्रपाल म्हणून लागले, सहायक वनसंरक्षक म्हणून निवृत्त झाले. बाहेर पारा ४६ वर, आत कूलरचा घोंघाट, त्यामुळे मामा-भाचीला एकमेकांशी आवाज चढवूनच बोलावं लागत होतं. अर्धं भांडण कूलरनेच लावलं, असं माझी बायको अजून म्हणते.

"तू करतेस काय, बेटा, नेमकं?"

तिने सांगितलं. एखादं वनखातं किंवा वनविकास महामंडळ म्हणतं की आमचं जंगल आम्ही टिकेल अशा रीतीने राखतो, तोडतो, पुन्हा वाढवतो. हे खरं की खोटं, ते तिऱ्हाइताने जागेवर जाऊन बघायचं. खरं निघालं तर पाच वर्षांचं प्रमाणपत्र, आणि दर वर्षी पुन्हा पाहणी. वहीच्या मलपृष्ठावर झाडाचं ते बारीकसं चिन्ह असतं, ते यातूनच येतं. १९९२ च्या रिओ परिषदेत जगातल्या सरकारांना जंगलाबद्दल बंधनकारक करार काही जमला नाही. तेव्हा पर्यावरणवाले, लाकडाचे व्यापारी आणि मूळ रहिवाशांचे प्रतिनिधी असे सगळे १९९३ मध्ये टोरंटोला जमले आणि त्यांनी एफएससी नावाची संस्था काढली. मागाहून १९९९ मध्ये युरोपातल्या लहान वनमालकांनी पीईएफसी ही आपली वेगळी चूल मांडली. भारत सरकारची स्वतःची योजना आली डिसेंबर २०२३ मध्ये. तिचं नाव 'प्रमाण'. ती चालवते भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था, म्हणजे माझी मुलगी शिकली तीच.

"अन् त्यात काय काय बघता?"

"८ निकष, ६९ निर्देशक, २५४ पडताळे."

"२५४!" मामांनी पन्ह्याचा ग्लास खाली ठेवला. "आमच्या वेळी एकच पडताळा होता."

"कोणता?"

"थूट."

आणि मग ते जे सांगू लागले ते ऐकताना मला पहिल्यांदा कळलं की जंगलातही जमाखर्च लिहिलेला असतो, फक्त तो वाकून वाचावा लागतो. कूप, म्हणजे त्या वर्षी तोडायचा जंगलाचा तुकडा, तोडायच्या आधी मार्किंग होतं. तोडायच्या प्रत्येक झाडाची साल दोन ठिकाणी तासतात, एक छातीच्या उंचीवर, दुसरी पार बुंध्याशी. दोन्हीकडे नंबर, दोन्हीकडे हॅमरचा ठसा. रजिस्टरात नंबर, जात, घेर. झाड पडलं की वरचा नंबर लाकडाबरोबर डेपोत जातो, खालचा थुटाबरोबर जमिनीत राहतो.

"आता सांग. थुटावर ठसा नसेल तर?"

"चोरी."

"अन् रजिस्टरात नंबर आहे, लाकूड डेपोत पोचलंय, पण जागेवर थूटच नाही, तर?"

ती क्षणभर थांबली. "तर नंबर इथल्या वाकड्या झाडाचा आणि लाकूड पलीकडच्या कक्षातल्या सरळ सागाचं."

मामांनी तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. "हे भोपाळात शिकवतात?"

"नाही. एका वनमजुराने शिकवलं."

इथे खरं तर दोघांचं जमायला हवं होतं. जमलं नाही, कारण मामांनी पुढचा प्रश्न टाकला. एका वनविभागात कक्ष किती? दोनशे, तीनशे, कुठे चारशेही. त्यातले तू किती बघतेस? पंधरा-वीस. दिवस किती? चार, फार तर पाच.

"माझ्या रेंजमधले सगळे कक्ष माझ्याच पायाखालून गेले नाहीत, बापा. तू चार दिवसांत सांगतेस जंगल टिकाऊ आहे म्हणून!"

"मामा, शितावरून भाताची परीक्षा होते ना?"

"होते. शीत आपण उचललं तर. वाढणाऱ्याने उचलून दिलं तर नाही."

"कक्ष मीच निवडते. नकाशा आणि तोडीचं रजिस्टर घेऊन, आदल्या रात्री. सकाळी गाडीत बसल्यावर सांगते कुठे जायचं ते."

"गाडी कोणाची? वाट कोण दाखवतं? रेस्ट हाउसवर भाकरी कोण थापतं?"

तिने उत्तर दिलं नाही. मामांना उत्तर नकोही होतं, कारण ते या खेळातले मुरलेले. वरिष्ठांची पाहणी ठरली की सीमेच्या बुरुजांना चुना लागतो, रोपवनाच्या फलकाची अक्षरं रंगतात, आणि रस्त्याकडेच्या तीन ओळींतली मेलेली रोपं रातोरात जिवंत होतात, हे त्यांनी एखादी पाककृती सांगावी तसं सांगितलं. आपण स्वतः हे केलं की नाही, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मेहुणा आहे.

मग मुलीने एक गोष्ट सांगितली, जी तिने घरी कधी काढली नव्हती. कुठलं राज्य ते आताही सांगत नाही. तिने एक लांबचा कक्ष मागितला की गाडी बिघडायची. दोनदा बिघडली. तिसऱ्या दिवशी ती सकाळी साडेपाचला एका म्हाताऱ्या वनमजुराला घेऊन पायी निघाली. कागदावर सातव्या वर्षाचं रोपवन होतं. जागेवर तरोट्याचं रान, मोकाट गुरं, आणि मधेमधे कमरेएवढी सागाची कांडकी. येताना कूप तोडणाऱ्या मजुरांच्या झोपड्या लागल्या. तिने विचारलं, कुऱ्हाड कोणाची? आपापली. पाय कापला तर? फडकं बांधतो. मजुरी खात्यात जमा होते का? खातं आहे, पासबुक मुकादमाकडे आहे.

"मग? लिहिलंस?"

"लिहिलं. एक मेजर त्रुटी, चार मायनर. मेजर असली की ती मुदतीत दुरुस्त होईपर्यंत प्रमाणपत्र निघत नाही. पासबुकं मजुरांना परत मिळाली, मामा. मी पुढच्या वर्षी जाऊन बघून आले."

"अन् रोपवन?"

"रोपवनाला वेळ लागतो."

"हं," मामा म्हणाले. त्यांच्या 'हं'चे बरेच अर्थ असतात.

थोडा वेळ कूलरच बोलत राहिला. मग मामांनी ते काढलं, जे मला त्या दुपारचं सगळ्यात मोलाचं वाटतं. ऑडिट काही त्यांना नवीन नव्हतं. महालेखापालाचे, म्हणजे एजीचे लोक दर वर्षी यायचे. लिलावात अपेक्षित किमतीपेक्षा कमी बोलीला लाकूड का दिलं, इतके घनमीटर कमी का भरले, यावर ऑडिट पॅरा निघायचा आणि त्याचं अनुपालन लिहिता लिहिता अर्धा पावसाळा जायचा.

"एजीवाल्याला रुपया दिसतो, मामा. रोप दिसत नाही. कूप तोडल्यावर तिथे पुन्हा जंगल येतंय का, नाल्याकाठची झाडं सोडली का, ढोलीचं झाड घुबडासाठी ठेवलं का, हे त्याच्या रजिस्टरात बसतच नाही. १९९६ च्या डिसेंबरात गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मंजूर कार्य आयोजनेशिवाय झाड तोडायचं नाही. पण आयोजना मंजूर आहे आणि आयोजना पाळली जाते, या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी कोण बघतं?"

"मान्य. पण एजीवाल्याला फी मी देत नव्हतो. तुला फी कोण देतं?"

"ज्याचं जंगल, तो."

"म्हणजे परीक्षा देणाराच मास्तरचा पगार देतो. अन् मास्तर आवडला नाही तर पुढच्या वेळी दुसरा आणतो. असं आहे की नाही?"

"आहे. पण आमच्या डोक्यावरही कोणी असतं. मान्यता देणारी संस्था आमचंही ऑडिट करते."

"तिला फी कोण देतं?"

मुलगी हसली. "आम्ही."

मामांनी टाळी मारली नाही, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "अन् दुसरं. एजीचा अहवाल विधिमंडळापुढे जातो. कोणी वाचो न वाचो, जातो. तुझा कुठे जातो?"

"एफएससीत सारांश जाहीर करावाच लागतो. वेबसाइटवर."

"कोणत्या भाषेत?"

तिने ग्लास उचलला आणि रिकामा आहे हे पाहून परत ठेवला.

बाहेरच्या देशांबद्दलही दोघं बोलली. मामांनी युक्रेनचं वर्तमानपत्रात वाचलेलं काढलं. २०२० मध्ये अर्थसाइट या ब्रिटिश संस्थेने दाखवून दिलं की कार्पेथियन डोंगरातल्या सरकारी जंगलात पिल्लं होण्याच्या काळात, म्हणजे एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत, 'रोगट झाडं काढतो' या नावाखाली बेकायदा तोड चालली होती, आणि जंगलावर प्रमाणपत्र होतं. मुलीने उलट पेनसिल्व्हेनियाचं काढलं. तिथली सरकारी जंगलं, २२ लाख एकर, १९९८ पासून प्रमाणित आहेत. हरणं इतकी माजली होती की रोप मान वर काढायच्या आत खुडलं जायचं. शिकाऱ्यांना हरणं हवी होती आणि शिकाऱ्यांना दुखवायला कोणी पुढारी तयार नव्हता. ऑडिटवाल्यांनी ते कागदावर आणलं. २००३ मध्ये जादा हरणं मारण्याच्या परवान्यांची योजना आली. "एकट्या ऑडिटने झालं असं नाही," ती म्हणाली, "पण खात्यातल्या ज्या माणसाला हे आधीपासून बोलायचं होतं, त्याच्या हातात एक कागद आला." मला हे पटलं. मामांना अर्धं पटलं. त्यांच्या मते असा कागद हातात यायला आधी तसा माणूस खात्यात असावा लागतो.

मग मुलीने विचारलं, "देशात वनव्यवस्थापनाचं एफएससी प्रमाणपत्र सगळ्यात आधी कोणत्या वनविभागाला मिळालं, माहीत आहे?"

"डेहराडूनकडे असेल कुठे."

"भामरागड."

मी चमकलो. भामरागड म्हणजे हेमलकसा, पर्लकोटेचा पूर आणि पेपरातल्या चकमकी एवढंच माझं ज्ञान. पण मामा अधिक चमकले. एक माणूस आयुष्यभर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या जंगलात फिरला आणि हे त्याला माहीत नव्हतं. भामरागडनंतर मध्य प्रदेशातल्या दोन विभागांना, उत्तराखंडातल्या एकाला, त्रिपुराच्या वनविकास महामंडळाला मिळालं. मग एकेकाची मुदत संपत गेली आणि कोणी पुन्हा घेतलं नाही. उत्तर प्रदेश वन निगमाने मात्र एफएससी सोडून पीईएफसी धरलं. त्यांच्या ४१ विभागांना ते मिळालं.

"म्हणजे भामरागडचा शिक्का गेला?"

"मुदत संपली."

"अन् काय बिघडलं?" मामा आता खुर्चीच्या कडेला आले होते. "मोह पडला, तेंदूचा हंगाम झाला, चारोळी बाजारात आली. एका तरी गावात कोणी विचारलं का, शिक्का कुठे गेला म्हणून?"

"नाही विचारलं. पण मामा, मिळाला होता तेव्हा तरी कोणाला कळलं होतं? तुम्हाला कळलं होतं?"

हा घाव वर्मी बसला. मामा बोलेनात.

मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. शिक्का कोणासाठी घेतला, यावर तो किती दिवस टिकणार हे ठरतं. दूरच्या ग्राहकाने मागितला म्हणून घेतला तर ग्राहक वळला की शिक्काही गळतो. आणि आपल्या सरकारी जंगलातल्या लाकडाला तो ग्राहक होता तरी कुठे? देशातलं बहुतेक लाकूड आज शेताच्या बांधावरून येतं, निलगिरी, पॉप्लर, सुबाभूळ. कागदाचे कारखाने आणि प्लायवुडवाले तेच घेतात. युरोपच्या २०२३ च्या जंगलतोड कायद्याची धास्ती निर्यातदारांना आहे, बल्लारपूरच्या डेपोत बोली लावणाऱ्याला नाही. मामा म्हणालेच, "अयोध्येच्या मंदिराचे दरवाजे आपल्या चंद्रपूरच्या सागाचे. लाकूड वाजतगाजत गेलं २०२३ ला. कोणी प्रमाणपत्र विचारलं?" यावर कोण काय बोलणार.

चहा झाल्यावर, ऊन थोडं कललं तेव्हा, गाडी वेगळ्याच रस्त्याला लागली. मुलगी म्हणाली, "मला खरी अडचण वेगळीच येते. ऑडिट करताना पहिला प्रश्न असतो, हे जंगल सांभाळतं कोण? गडचिरोलीत मी काय लिहू?"

हा प्रश्न मामांना आवडला नाही, कारण त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. वनहक्क कायदा २००६ चा. जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर जिल्ह्यातल्या हजारावर गावांना असे हक्क मिळाले. आपलं जंगल राखायचं, वाढवायचं, त्याची योजना करायची, हे आता त्या ग्रामसभांनी ठरवायचं.

"तेव्हा आम्हाला नव्हतं आवडलं ते," मामा म्हणाले. कूलर बंद होता, त्यामुळे हे हळू आवाजात आलं. "टीपीचं, त्या वाहतूक परवान्याचं पुस्तक म्हणजे रेंजरची पत, बेटा. ते गावाच्या हातात गेल्यावर आम्ही म्हणालो, दोन वर्षांत बांबू संपवतील."

"संपवला?"

"नाही संपवला. अन् काहून नाही संपवला, ते मला नंतर कळलं. मी माझ्या बीटातलं थूट महिन्यातून एकदा बघायचो. तिथली बाई मोहाला जाते तेव्हा रोज बघते. अन् गावसभेत पुरुष असो की बाई, सगळ्यांसमोर विचारते. हेच ऑडिट. त्याला ना फी, ना सारांश."

"पण मामा, सगळीच गावं मेंढा नाहीत."

"नाहीत. ठेकेदाराने गिळलेल्या ग्रामसभाही पाहिल्यात मी. म्हणून तर म्हणतो, तुझं काम बेकार नाही. पत्ता चुकलाय."

"म्हणजे?"

"अहवाल आधी त्या जंगलातल्या गावांत वाच. मराठीत, जमलं तर माडियात. 'तुमच्या कक्षात आम्हाला अमुक दिसलं,' असं सांग. ते म्हणतील खरं, नाहीतर म्हणतील, बाई, तुम्हाला पलीकडचं दाखवलंच नाही. मग लाव शिक्का."

मुलगी वहीत लिहीत होती. "नियमात सल्लामसलत आहे," ती म्हणाली. "भागधारकांना बोलवायचं असतं. पण आम्ही पत्रं पाठवतो आणि तालुक्याच्या गावी सभागृहात बैठक घेतो. येतात ते सरपंच, समितीचे अध्यक्ष आणि एखादा पत्रकार. कच्चा अहवाल गावात वाचायला नियम आडवा येत नाही. आडवं येतं ते वेळेचं गणित. आणि खरं सांगू, मामा? असा वाचला तर ते खातं पुढच्या वेळी आम्हाला बोलावणार नाही."

"नाहीच बोलावणार," मामा शांतपणे म्हणाले. "मी असतो तर मीही नसतं बोलावलं."

दोघं एकाच वेळी हसली.

संध्याकाळी मामांनी तिला वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर चार खुणा लिहून दिल्या. कुठल्या कक्षात जायचं ते नव्हे, कसा कक्ष निवडायचा ते. जिथे दोन बीटांची हद्द मिळते तिथे जा, कारण तिथे दोन्ही वनरक्षक दुसऱ्यावर ढकलतात. नाला ओलांडून पलीकडे जा. लिलावात चांगला भाव मिळाला त्या वर्षीचं कूप बघ. आणि चौथं लिहिताना ते थांबले.

"तुम्ही ऑडिटला जाता कधी?"

"बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारी. रस्ते चांगले असतात."

"म्हणजे जंगल झोपलेलं असताना. थूट मेलं की जिवंत, ते डिसेंबरात कळत नाही. मार्चमध्ये तर सागाला पानच नसतं, जमीन आगीने काळी असते. पावसाळ्यात जा. जुलै-ऑगस्ट. जिवंत थुटाला फुटवे येतात, उन्हाळ्यात मेल्यासारखं दिसलेलं रोप मुळातून परत उठतं. जे उठत नाही ते खरं मेलेलं. पुन्हा जंगल येतंय का, हे त्याच दोन महिन्यांत जमिनीवर लिहिलेलं असतं."

तिने फोनमध्ये कॅलेंडर उघडलं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यावर बोट ठेवून म्हणाली, "भामरागडकडे या दिवसांत जाता येईल?"

"माझ्या काळात तरी नव्हतं येत," मामा म्हणाले. "पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी. चार-चार दिवस रस्ता बंद. तिकडेच अडकून राहायची तयारी पाहिजे."

तिने बोट उचललं नाही. चार दिवस अडकून पडलेल्या ऑडिटरचा भत्ता कुठल्या रकान्यात बसतो, याचा ती विचार करत असावी. मामांनी कागदाची कड फाडून तिच्या हातात दिली आणि कूलरमध्ये पाणी घालायला उठले.